गुरुवारी, पावणेदहा

उद्यमबागेतून सुटलो तरी
मोल्डिंगची काळी वाळू नखांत राहते,
वहीच्या समासात सांडते.
बालमानसशास्त्र, घटक चौथा : भीती.

तिसऱ्या रेल्वे गेटापाशी
बडिगेर मॅडमचा फोन येतो, धारवाडहून.
मराठी त्यांची कानडी वळणाची.
"जेवण झालं काय, मोनाप्पा?"
आधी हेच. अभ्यास मग.

आज म्हटलं, सोडतो बी.एड.
एकेचाळीसाव्या वर्षी
माझं शुद्धलेखन पोरगी तपासते.

त्या काही बोलल्या नाहीत.
फोनमधून त्यांच्या कुकरची शिट्टी आली. दुसरी.
तिसरीची वाट दोघांनीही पाहिली.

मग एकदम,
"साचा ओला राहिला तर काय होतं हो?"
"भोकं पडतात, मॅडम. आतून. वरून कळत नाही."
आणि मी सांगतच सुटलो,
वाळू मुठीत दाबून कशी बघायची,
रस ओतताना श्वास कुठं धरायचा,
नव्या पोराचा हात थरथरला
तर ओरडायचं नाही,
नुसतं शेजारी उभं राहायचं.

"मघाचा आवाज कुठं गेला तुमचा?"
त्यांनी विचारलं.

येळ्ळूरची शेवटची बस गेली होती.
वही काखेत मारून चालू लागलो.
घटक चौथा अजून
तसाच आहे.