सहा आणि थोडं वर

वसमतच्या मोंढ्यामागं, नाली संपते तिथं
आमची गॅरेजं सुरू होतात.
केरबा जोगदंडची गाडी आली तेव्हा
तिचा मागचा गोळा दिसतच नव्हता.
हळद आणि तेल, तेल आणि हळद,
किती हंगामांचा लेप.
"लगीन हाय का काय हिचं," म्हणाला खय्यूममिस्त्री
आणि हसला नाही.

केरबाला एवढंच पाहिजे होतं: तेल कोणतं टाकू?
जालन्याच्या लिलावातली गाडी,
कागदावर एकेचाळीस-सहाचा क्राऊन,
आणि पन्नासच्या पुढं मागून एक बारीक रडणं,
लेकरू नाही, लेकराच्या आधीचं काहीतरी.

"आधी हाय काय ते तर बघू.
डोळे न बघता चष्मा देतेत का कुणी?"

मी डिझेलमध्ये फडकं बुडवून पाऊण तास घासलं.
हाउसिंग निघालं. पत्री नव्हती.
रिव्हेटची दोन भोकं फक्त,
चमकी काढून ठेवलेल्या नाकासारखी.

मग डावी चाकं जॅकवर, उजवी जमिनीवर,
पुढं दगड, गिअर न्यूट्रल,
शाफ्टवर खडूची रेघ, बरोबर बारावर.
"केरबा, तू चाक फिरव. दोन फेरे. दोनच.
एक बाजू गप बसली की दुसरीला
तिच्या वाटचं पण फिरावं लागतंय,
म्हणून दोन."
तो गाडीचंच सांगत होता.
मला उगाच थोरला भाऊ आठवला,
पारावर पत्ते पिसणारा.

मी खाली उताणा, मोजत.
चारला चहावाला आला, हरवलं.
परत. पाचला केरबाच म्हणाला,
"सात भरतेत बघ," परत हरवलं.
तिसऱ्यांदा मिस्त्रीनं रेडिओ बंद केला.

सहा.
आणि रेघ जरा पुढं सरकून
दोनवर थांबली.

"एकेचाळीसचा असता तर सातव्या फेऱ्यात
दहापर्यंत गेली असती. हा सदतीस-सहा.
कुणीतरी दुसऱ्या गाडीचं पोट हिला लावलंय."
केरबा कागदाकडं बघत राहिला,
मग त्याची घडी घातली, घडीची घडी घातली.
"पळंल जास्त, ओढंल कमी.
घाटाला चार पोती कमी भर, दुसरं काय."

खालचा बोल्ट सोडला. चुंबकावर
लोखंडाची करडी लव, कपची नाही.
मिस्त्रीनं काळं पाणी चिमटीत चोळलं, हुंगलं.
"नव्वद नंबर थंडीत चाललं असतं.
मे महिना, त्रेचाळीस डिग्री, आणि रडका क्राऊन:
एकशेचाळीसच घे.
डब्यावर जीएल पाच बघून घे, चार नको.
आणि उरलं म्हणून गिअरबॉक्सात ओतशील, तर नको.
तिथं पितळेच्या रिंगा हायत,
ह्यातला गंधक पिवळ्याला खातंय."

तिघांनीही नकळत
आपापले हात बघितले.

भोकात करंगळी वाकवून घातली,
पेराला तेल लागलं, बास.
वरची तुंबलेली श्वासनळी फुंकून मोकळी केली,
हळदीचा एक ढेकर आला.

संध्याकाळी सांगलीचा माल भरून गाडी निघाली.
रडणं गेलं नाही,
खालच्या पट्टीत गेलं.
खडूची रेघ पुसायची राहिली.
कागदावर अजून एकेचाळीसच आहे.