नक्षी

जुन्या जालन्यातून मोंढ्याकडं वळताना
गफूरमामूचं दुकान.
बाहेर टायरांची चवड,
आत टेबलफॅन, पंक्चरचा टब
आणि कानावर खडू अडकवलेला मामू.

मी वही काढली.
दहातले सहा गेलेले.
घरीच रुपया खाचेत उभा करून पाहिला होता,
बुडतच नव्हता.

"काय भरता? कुठं जाता?"
तो सगळ्यांनाच असं विचारतो,
डॉक्टर भूक लागते का विचारतो तसं.

सांगितलं.
दिवाळीनंतर ऊस, अंबडकडच्या काळ्या रानातून,
पाणंदीत चिखल असा
की पाय वर येतो, चप्पल खालीच राहते.
मग सळया नागपूरला, समृद्धीवरून,
दुपारचं सिमेंट तव्यागत.
मोसंबी दिल्लीला.
परतीला सफरचंद, थेट शोपियानहून,
बनिहालच्या पुढं बर्फ.

मामू हसला.
"खुरपायला, वरातीला अन् दवाखान्यात
एकाच चपलेनं जाता का, ताई?"

जाते, म्हटलं.
माझ्याकडं एकच आहे.

मग तो हसला नाही.
एक टायर लोळवत आणला,
आडव्या, जाड ढेकळांच्या नक्षीचा.
"हा चिखल खातो. पण खाल्लेलं थुंकायला बी पाहिजे,
खाचेत माती बसली की टायर टकलाच समजा.
ह्याच्या खाचा रुंद, फिरता फिरता झाडून टाकतो.
फक्त हायवेला गुणगुणतो. तापतो. लवकर झिजतो."
दुसरा आणला,
वहीच्या समासासारख्या उभ्या रेघांचा.
"हा पळतो, थंड राहतो.
चिखलात मात्र जागच्या जागी नाचत बसतो."

आणि बर्फाला?

मामू गप्प.
चाळीस वर्षं टायर विकले,
बर्फावरून चाललेला एकही पाहिला नव्हता त्यानं.
मी तरी कुठं पाहिला होता.
गेल्या पौषात ह्यांनी बाटलीत भरला होता,
दुर्गाला दाखवायला.
सेंधव्याच्या घाटात रेडिएटर तापलं, ओतून टाकला.
रिकामी बाटली तेवढी इमानदारीनं आणून दिली,
"यात होता" म्हणाले.

समोर रसवंती.
गोणपाटाखाली, भुशात, लादी.
मामू उठला, रबराचा एक तुकडा घेऊन
लादीवर घासत राहिला,
मग दुसरा, मग तिसरा.
रसवाला बघतोय, गिऱ्हाइकं बघताहेत.
"नरम पाहिजे," परत येऊन म्हणाला,
"अन् बारीक चिरा, अंगठ्याच्या ठशावर असतात तशा.
पण साखळी न्या बरोबर.
बर्फाचं मला काय कळतं."

एवढं कबूल करणाऱ्याकडून घ्यावेत टायर.

तरी मी बाजूवरचे चार आकडे वाचलेच.
पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे.
एक तीन वर्षं गोदामात बसून आलेला निघाला.
"नजर चांगली आहे," म्हणत मामूनं तो मागं ढकलला,
उलसाक लाजून.

पुढं दोन, उभ्या रेघांचे, कोरे.
पुढचा फुटला तर स्टिअरिंग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
मागं बाहेरून दोन, ढेकळं आणि चिरा मिसळलेले.
आतून दोन, रबर चढवलेले जुने,
कारण वहीत तेवढंच होतं.
साखळी वर.
साखळीचे पैसे मामूनं लिहिले नाहीत,
मीच लिहिले, माझ्या वहीत.

त्यानं खडूनं गाडीचा नंबर टाकला.
मी एका खाचेत अंगठा दाबला,
काळा झाला. दोन दिवस भाकरी थापताना दिसत होता.

पाचव्या रात्री फोन आला, ग्वाल्हेरच्या पुढून.
कसे आहेत, विचारलं.
"गुणगुणतात गं मागचे," ते म्हणाले,
"डुलकीच लागू देत नाहीत."

मग बरोबर घेतलेत, म्हटलं,
आणि दिवा मालवला.