शीग

काटा आला लातूरच्या गंजगोलाईतून,
सोळाशे रुपये, पावती फाइलला लावली.
पुण्याच्या एका दुकानाला आमचं येसर पाहिजे होतं,
दोनशे ग्रॅमची पाकिटं,
दर पाकीट सारखंच लागलं पाहिजे.
"सारखं म्हंजी कसं?" सोजरबाई.
"सारखं म्हणजे सारखं," मी. गटाची सचिव, बारावी पास.

औशाच्या त्या पत्र्याच्या खोलीत आम्ही नऊ जणी,
मधे परात,
तिच्या मांडीशी पितळी मापटं, एका अंगाला पोचलेलं
(कुणाच्या तरी लग्नात बैलगाडीतून पडलं म्हणे).
ती मोजेल, मी तोलून लिहीन, असं ठरलं.

पहिलं मापटं ओतलं आणि ती म्हणाली, लाभ.
मग दोन. मग तीन.
मिरच्यांची देठं खुडता खुडता खैरुन्निसा चाची बोलली,
आमच्यात बरकत म्हणतात.
मी काट्याकडं बघितलं.
त्याचं सुरू होतं शून्यापासून.

धने दोनशे एकतीस.
दुसरं मापटं दोनशे अठ्ठेचाळीस.
तिसरं दोनशे एकोणीस.
"मावशी, ह्यातलं कुठलं लिहू?"
"तिन्ही लिही की.
पहिलं सपाट होतं, दुसऱ्याला शीग चढली,
तिसऱ्याच्या वक्ताला तू बोलायलीस."

त्याच मापट्यात ज्वारी भरली चारशे सत्त्याऐंशी.
ह्याचं तिला काहीच नवल नव्हतं.
नवल वाटलं ते वेगळ्याचं:
परात ठेवून बटण दाबलं की परातच नाहीशी होते.
"आगं, समोर दिसायली की!"
"हो, पण तिचं वजन धरायचं नसतं."
"सासरी आमचं बी असंच," कुणीतरी बोललं
आणि खोली इतकी हसली
की आकडे जागेवर थांबेनात.

हिंग, हरभऱ्याएवढा: एक.
जावित्री, बोटाच्या पेराएवढी: एक.
दगडफूल, नखभर: शून्य.
उचलून पुन्हा ठेवलं. शून्य.
सोजरबाईनं ते चिमटीत घेतलं, तव्यावर टाकलं,
खोलीभर वास,
मग खोलीबाहेर, पार पिठाच्या गिरणीपर्यंत.
"ह्ये बघ तुझं शून्य."

तरी मी सरासरी काढली,
तक्ता केला, भिंतीला चिकटवला.
पाकिटं गेली. दुकानदाराचा फोन आला,
पुढच्या महिन्याला दीडशे पाठवा.
खोटं कशाला बोलू, चव बिघडली नव्हती.
सोजरबाईनं तळहातावर घेऊन चाटून बघितलं,
बराच वेळ जीभ टाळूला लावून बसली.
"चांगलंय," म्हणाली. "कुणाचं बी असंल."

परातीत उरलेलं मात्र तीच वाटते, चिपट्यानं,
घरोघर न्यायला.
पहिलीच्या डब्यात पडतं ते लाभ.
वर शीग, उभी राहील तेवढी.
आणि जिच्या घरी खाणारी तोंडं जास्त
तिच्या वाट्याला येसर
कोण जाणे कसं, जरा जास्तच उंच उभं राहतं.

महिनाअखेर बँकेचे साहेब वही तपासायला आले.
नऊ चिपटी वाटली ती मांडलेली होती,
तरी तीनशे चाळीस ग्रॅमचा मेळ बसेना.
घट म्हणून एक रकाना असतो.
मी त्यात लिहिलं: शीग.

साहेब निलंग्याचे.
काही विचारलं नाही, सही केली.