कोटेशनची शेवटची ओळ

इतवारीत, लोहा ओळीत, बैदजींच्या दुकानात
अकरा वर्षं मी कोटेशनं टाइप करते.
पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, सगळं तेच ते.
बदलते ती शेवटची ओळ:
दर इतके दिवस वैध.

एका वर्षी मी टाइप केलं होतं,
'दर आज दुपारी दोनपर्यंत'.
रायपूरहून फोन आला की बैदजी
चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, खोड ते.
गिऱ्हाईक उभ्या उभ्या सही करायचं,
नको असलेले पाइपही लादून न्यायचं
आणि जाताना आमच्याकडे असं बघायचं
जणू आम्हीच त्याचं काही लांबवलंय.

मग कधीतरी सात दिवस झाले. मग पंधरा.
त्यासाठी सभा भरली नाही,
सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या बँकेतून
कुणी चिठ्ठी पाठवली नाही.
पेपरात तोच आकडा येत राहिला, चार,
दोन खाली चालतील, दोन वर.
हेडाऊ ठेकेदार हसला होता,
"चार म्हंजे चार नाही काय बाप्पा?
हे तं माह्या मिस्त्रीचं माप झालं."
बैदजींनी पाइपचा तुकडा त्याच्या हातात दिला.
"याच्याही जाडीत सूट असते, भाऊ.
किती ते आधी लिहून देतो,
त्याच कारखान्याचा माल मी ठेवतो."

काल सुकेशिनी मेश्राम आली, सर्व्हेवाली,
गळ्यात ओळखपत्र, ओढणी कानावर घट्ट,
कूलरसमोर क्षणभर डोळे मिटून उभी राहिली.
मग टॅब उघडला.
"वर्षभरानं भाव किती वाढलेले असतील, काका?"
"दहा टक्के. नाही, बारा लिही.
तूरडाळ बघ, नातवाची फी बघ."
तिनं बारा लिहिलं.
आणि त्याच श्वासात, माझ्याकडे न वळता,
"हेडाऊचं कोटेशन काढ. तीस दिवस."

तीस?
या दुकानात तीस मी कधी टाइप केलं नव्हतं.
बोट तीनवर थांबलं,
ते काही बोलले नाहीत, म्हणून शून्यही दाबलं.
सुकेशिनीच्या टॅबवर तोंडाचा रकाना होता,
हाताचा नव्हता.
ती शेजारच्या दुकानाची पायरी चढली.

संध्याकाळी हेडाऊनं कागद वाचला,
शेवटची ओळ दोनदा.
"तीस दिवस? मंग घाई काहून करू?"
चहा घेतला, मेव्हण्याच्या नव्या गाडीला नावं ठेवली,
कागदाची घडी करून खिशात टाकली
आणि एक एल्बोसुद्धा न घेता गेला.

मला वाटलं, आता बैदजी माझ्यावर चिडणार.
ते गल्ला मोजत होते.
म्हणाले, "येईल तो,"
आणि शटरची किल्ली शोधायला लागले.