मापाची वही

रास्ता पेठेत, पिको-फॉलच्या पाटीखाली
बावीस वर्षं बायकांची मापं घेते मी.
छाती, कंबर, मुंढा.
कोण बाळंत झालं, कोण उपासानं वाळलं,
वही आधी सांगते, शेजारीण मागून.

हर्डीकरबाई भाचीच्या मुंजीचा ब्लाउज टाकायला आल्या.
डावीकडे, काखेजवळ, कातडीला बारीक चुणी,
कुणी आतून दोरा ओढावा तशी.
"हे कधीपासून?"
"दुखत नाही गं काही. तू लिही आपलं, छत्तीस."

दुखत नाही, तेच तर.
मी पेन्सिल कानामागे खोचली.
"तपासून या, मगच कात्री लावीन."
रागावल्या. कापड उचलून निघाल्या.
पायरीवर थांबल्या.
"चल मग तूही."

वाटाण्याएवढी होती.
"बरं झालं लवकर आलात," डॉक्टरीण म्हणाली,
आणि बाईंनी माझा हात इतका दाबला
की अंगुस्तानाचा वळ उठला.

मुंज झाली. ब्लाउज राहिला.
उन्हाळ्यात नेला, डावीकडे दोन टाके आत घेऊन.
सुटे मोजताना म्हणाल्या,
"तुझं माप कोण घेतं गं, शकू?"

वही चाळली.
अख्खी आळी आहे तिच्यात.
माझं पान नाही.

सोमवारी पेठ बंद असते.
सोमवारचाच नंबर लावलाय.