खरा आकडा

वेर्ण्याच्या पठारावर, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत
मी गोदाम सांभाळते. अकरा वर्षं झाली.
दम्याचे पंप बनतात आमच्याकडे.
बोटाएवढी डबी, आत एक स्प्रिंग,
मुगाच्या मोडाएवढी.

स्प्रिंग येते इझमीरहून, रबरी चकती पेनांगहून,
डबी कुंडईहून, जुवारीच्या पलीकडून.
माणसं मला ठाऊक फक्त लेबलांवरून,
पोस्टमनला घरं ठाऊक असतात तशी.

त्या मार्चात जहाज अडलं.
कुठे, ते आंतोननं दाखवलं मोबाइलच्या नकाशावर,
फोर्कलिफ्टवर बसूनच, ग्रीसच्या बोटानं.
समुद्र काळा झाला तेवढ्यापुरता.
रजिस्टरातला रकाना उतरत गेला
ओहोटीला खाजण उतरतं तसा,
आणि मी केलं सगळे करतात तेच:
होत्या चाळीस हजार, लिहिल्या बारा.
हव्या होत्या वीस, मागवल्या साठ.

कुंडईच्या रायकरबाईंनी हेच केलं.
पेनांगच्या शिवानं हेच.
जो तो आपल्या पिंपावर झाकण ठेवून
दारात येऊन म्हणाला,
दुष्काळ आहे.

मग मडगावला, औषधांच्या दुकानात,
माझ्यापुढे एक माणूस उभा होता
दोन्ही खांदे वर ओढून श्वास घेत,
जाम झालेला दरवाजा ढकलावा तसा.
दुकानदार म्हणाला, पंप नाही. कंपनीकडूनच नाही.
माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.
मी ते पदराखाली घेतलं.

रात्री साडेनऊचा कॉल.
पेनांगमध्ये मध्यरात्र, शिवाच्या मागे कुणाचं तरी बाळ रडतंय,
इझमीरमध्ये संध्याकाळ, नेर्मिनच्या हातात चहाचा पेला.
कुंकळ्येकर साहेब आकडे वाचत होते, माझेच, बारा हजार.
मी म्हटलं, चाळीस आहेत.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
पंख्याचा आवाज इझमीरपर्यंत गेला असावा.

मग रायकरबाई खाकरल्या: माझ्याकडे पण…
मग शिवा.
मग नेर्मिन म्हणाली, दुसरं मशीन झाकूनच ठेवलंय,
तुमच्या साठातले खरे किती, ते कळेना म्हणून.

बेरीज केली तर टंचाई निम्मीच होती.
उरलेली अर्धी आमच्या भीतीची.

नंतरचं सगळं सुरळीत झालं, असं नाही.
नेर्मिननं स्प्रिंगचं ड्रॉइंग दिलं कुंडईला,
अडीनडीला थोड्या इथेच वळवा म्हणून;
तिच्या मालकांना ते पचायला सात महिने लागले.
पहिल्या लॉटच्या स्प्रिंगा वाकल्या. दुसऱ्याच्याही.
एक पुरवठादार अजून खोटं लिहितो, आम्हाला ते कळतं,
त्यालाही कळतं आम्हाला कळतं ते.

पण थर्माकोल गेला.
कुंपणामागे तो जळायचा तेव्हा
खालच्या वाड्यावरची बायामाणसं दारं लावून घ्यायची.
आता निळ्या पेट्या फिरतात, त्याच त्या,
कडांवर चार देशांचे ओरखडे.
शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये
म्हणून आंतोननं एकदा आमसुलं घातली पेटीत,
क्वालिटीवाल्यांनी दोघांनाही उभं केलं.
तेव्हापासून तारेचे उरलेले तुकडे जातात,
वितळतात तिकडे,
पुन्हा तार होऊन येतात.

आज सकाळी नेर्मिनचा निरोप:
रात्री जमीन हलली. आम्ही ठीक.
मशीन तीन दिवस बंद.
मालकांच्या आधी तुला सांगतेय.

मी रजिस्टर उघडलं.
एकोणतीस हजार चारशे.
तेवढेच लिहिले,
आणि कुंडईला फोन लावला.