जोडणी

पंच्याहत्तरचा जुलै. उद्यमबागेतली रात्रपाळी.
लाइट गेली, लेथ घरघरत थांबला,
आणि शेजारच्या मशीनवरचा श्वास
महिन्यानंतर पहिल्यांदा ऐकू आला.

ईरण्णा तिगडी.
आमचं बोलणं बंद होतं दारावरच्या पाटीवरून:
वरची ओळ कुणाची, खालची कुणाची.
काही हवं तर भीमशामार्फत,
'त्याला म्हणावं, मायक्रोमीटर दे.'
भीमशा चौदाचा. दोन्ही भाषा तोंडात.
मायक्रोमीटर तेवढा आणायचा,
मधल्या शिव्या वाटेत सांडून.

अंधारात त्याच्या ट्रान्झिस्टरला धारवाड,
माझ्या ट्रान्झिस्टरला सांगली.
बातमी एकच:
अमेरिकेचं यान आणि रशियाचं यान
समुद्राच्या खूप वर
एकमेकांना भिडलं, माणसांसकट.
सांगली म्हणाली, जोडणी.
धारवाड म्हणालं, जोडणे.
भीमशा खुदकन हसला.

मी अंधाराला विचारलं, कुणा एकाला नव्हे,
'खरं, आटे कुणाचे आतले नि कुणाचे बाहेरचे?'
लेथवाल्याला दुसरं काय सुचणार.
आयुष्यभर तेच बघितलेलं,
एकानं शिरायचं, एकानं घ्यायचं.

बऱ्याच वेळानं अंधार बोलला. मराठीत.
'दोघांचं सारखंच हाय म्हणं. पेपरात चित्र होतं.
तीन पाकळ्या ह्याच्या, तीन त्याच्या,
एकाची पाकळी दुसऱ्याच्या फटीत.
नर नाही, मादी नाही.'
'हेंग?' मी म्हटलं.
कन्नड तोंडातून निघून गेल्यावर कळलं.

वर ते लोकही म्हणे असंच करत होते,
ह्यानं त्याची भाषा बोलायची, त्यानं ह्याची,
उच्चार सगळे वाकडे.

लाइट आली. लेथ कुणी चालू केला नाही.
त्यानं फरशीवर खडूनं चित्र काढलं,
मी गुडघ्यानं त्यातलं अर्धं पुसलं,
त्यानं परत काढलं.
भंगारातून बिडाच्या दोन कड्या घेतल्या,
पहाटेपर्यंत कातल्या, कानशीनं पाकळ्या पाडल्या.
बसल्या नाहीत.
एक पाकळी दहा थाऊ जाड.
तुझी की माझी, यावर कडाक्याचं भांडण झालं,
पण समोरासमोर.
भीमशा बोचक्यावर झोपला होता, त्याला उठवला नाही.

दोन दिवसांनी ती यानं सुटली.
सुटून, म्हणे, पुन्हा एकदा जोडून बघितली,
ह्या वेळी पुढाकार दुसऱ्याचा.
पाटीवरच्या दोन्ही ओळी मालकानं पुसल्या
आणि इंग्रजीत एकच लिहिली.
तेवढ्यापुरते आम्ही दोघं एका बाजूला होतो.

ईरण्णाची कडी बैलहोंगलला आहे,
त्याच्या सुनेनं दाराला अडण लावलीय.
माझी इथे, कागदांवर.
जाड पाकळी माझीच होती.
त्याच पहाटे, तो तोंड धुवायला गेला तेव्हा
मायक्रोमीटर लावून बघितला होता.

सांगायचं राहिलं.